होलसेलचा खरा भाव कसा काढायचा? सोलापुरी टॉवेलाचा हिशोब मांडून, ऑनलाइन विक्रेत्यांसाठी

‘टेरी टॉवेल, ३० बाय ६०, होलसेलला काय भाव?’ असा मेसेज पाच व्यापाऱ्यांना पाठवून बघा. पाच वेगळे आकडे येतील. कुणी नगाचा भाव सांगेल, कुणी डझनाचा, कुणी किलोचा. नवा विक्रेता त्यातला सगळ्यात लहान आकडा उचलतो आणि पुढचे दोन महिने ‘विक्री तर होतेय, मग पैसे कुठे जातात?’ असं विचारत बसतो. पाचही जणांनी एकाच गोष्टीचा भाव सांगितलेला नसतो. एकाने जीएसटी धरलेला नाही, दुसऱ्याने भाडं धरलेलं नाही, तिसऱ्याचा टॉवेल दोन इंच आखूड आहे आणि चौथा बिलाशिवायचा भाव बोलतोय.

होलसेल भावाची चौकशी करायची म्हणजे हे सगळे आकडे एका पातळीवर आणून एकाच प्रश्नाचं उत्तर काढायचं: विकण्याजोगा एक नग माझ्या घरात नेमका कितीला पडतो? खाली सोलापुरी टॉवेल घेऊन हे पायरीपायरीने केलं आहे. यातले भाव हिशोब कळावा म्हणून धरलेले आहेत, आजचा बाजारभाव म्हणून ते वाचू नका. साडी, इमिटेशन ज्वेलरी, स्टीलचे डबे, काहीही विकत असाल तरी पायऱ्या याच लागतात.

## पायरी १: व्यापाऱ्याला फोन करण्याआधी आपली कमाल किंमत ठरवा

बहुतेक लोक उलटं करतात. आधी माल किती रुपयांना मिळतो ते बघतात, त्यावर तीस-चाळीस टक्के चढवतात आणि ऑनलाइन टाकतात. पण ऑनलाइन बाजारात विक्रीची किंमत तुम्ही ठरवत नाही, शेजारच्या लिस्टिंगवाल्याने ती आधीच ठरवलेली असते. म्हणून हिशोब वरून खाली करायचा.

अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट आणि मीशो या तिन्हीकडे तुमच्यासारखाच माल शोधा. खोडलेल्या एमआरपीकडे दुर्लक्ष करा. ‘८९९ चा टॉवेल २९९ ला’ यातल्या ८९९ ला काही अर्थ नसतो. ज्यांना भरपूर आणि बरे रिव्ह्यू आहेत अशा दहा-बारा लिस्टिंगच्या किमती लिहून घ्या. प्रत्येकापुढे माप, वजन किंवा जीएसएम (चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), किती नगांचा सेट आणि डिलिव्हरीचे वेगळे पैसे आहेत का, हेही लिहा. दोनच्या सेटची किंमत एकाची समजून लोक फार चुकतात. दिवाळीच्या सेलमधला भाव वर्षभराचा धरू नका. अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तूची किंमत मागच्या काही महिन्यांत कशी हलली हे कीपा नावाच्या साधनात आलेखावर दिसतं. तो आलेख एकदा बघितला की ‘नेहमीची किंमत’ कोणती ते कळतं.

समजा, तुमच्या प्रतीच्या एका टॉवेलाला २९९ रुपये ही चालणारी किंमत निघाली. आता शंभर ऑर्डरींचा हिशोब मांडा. एकेका नगावर हिशोब केला की परत येणारा माल नजरेआड होतो, म्हणून शंभरचाच धरा.

२९९ मध्ये ५ टक्के जीएसटी आत आहे, म्हणजे १४.२४ रुपये सरकारचे आणि २८४.७६ तुमचे. शंभरपैकी दहा परत आले असं धरू. नव्वद नगांचे २५,६२८ रुपये झाले. प्लॅटफॉर्मची फी आणि जाण्याचं शिपिंग मिळून नगाला ९५ रुपये धरले तर शंभराचे ९,५०० गेले. पिशवी, टेप, लेबल मिळून ८ रुपयांप्रमाणे ८०० गेले. दहा परत येण्याचे ७० प्रमाणे ७०० गेले. हातात १४,६२८ उरले. विकल्या गेलेल्या प्रत्येक नगामागे तुम्हाला निदान २५ रुपये सुटायला हवेत, म्हणजे २,२५० बाजूला काढा. मालासाठी १२,३७८ राहिले. नव्वद विकले गेले आणि परत आलेल्यांतले तीन मळून किंवा वापरून आल्यामुळे वाया गेले, असे ९३ टॉवेल खर्ची पडले. १२,३७८ भागिले ९३ म्हणजे १३३ रुपये.

ही तुमची कमाल किंमत. भाडं, हमाली सगळं धरून, पण क्रेडिट मिळणारा जीएसटी (नोंदणी असेल तर खरेदीवर भरलेला जो कर विक्रीच्या करातून वजा होतो तो) सोडून, टॉवेल १३३ च्या आत पडला पाहिजे. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि व्यापाऱ्याला मात्र सांगू नका.

फी आणि शिपिंगचे आकडे प्रत्येक प्लॅटफॉर्मचे वेगळे असतात आणि वारंवार बदलतात, त्यामुळे विक्रेत्याच्या पॅनेलमधलं कॅल्क्युलेटर उघडून त्या दिवशीचेच घ्या. मीशो कमिशन घेत नाही म्हणून तिथे सगळं फुकट असतं असं नाही. परत येणाऱ्या मालाचा खर्च तुमच्याच खिशातून जातो, आणि कपड्यांत तो जड असतो. प्लॅटफॉर्म जीएसटी कायद्याखाली ०.५ टक्के टीसीएस आणि आयकराखाली ०.१ टक्के टीडीएस असा तुमच्या नावावरचा कर आधीच कापून घेतो. रिटर्न भरल्यावर हे पैसे तुमच्या खात्यात जमा धरले जातात, म्हणून खर्चात धरू नका, पण तोवर अडकून पडतात एवढं लक्षात ठेवा.

### मालाचं वजन, जे भावापेक्षा जड पडतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण घासाघीस करून वाचवलेले चार रुपये या एका ठिकाणी वीस होऊन जातात.

शिपिंग साधारण अर्ध्या किलोच्या टप्प्यांत आकारलं जातं. ३० × ६० इंच म्हणजे सुमारे ७५ × १५० सेंटिमीटर, क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर. ४५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅमचा टॉवेल ५०६ ग्रॅम भरतो. पिशवी घातली की सव्वापाचशेच्या आसपास. अर्धा किलो ओलांडला, पुढचा टप्पा लागला. त्या टप्प्याला नगामागे २० रुपये जास्त लागत असतील, तर शंभर ऑर्डरींत २,००० गेले आणि तुमची कमाल किंमत १३३ वरून थेट १११ वर आली!

तोच टॉवेल ४६५ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास ४१३ जीएसएमचा घेतला तर पिशवीसकट अर्ध्या किलोच्या आत बसतो. दोनचा सेट केला तरी एक किलोच्या आत राहतो. गिऱ्हाइकाला ४५० आणि ४१३ यातला फरक हाताला फारसा कळत नाही. लिस्टिंगमध्ये मात्र ४१० च लिहा, ४५० नाही.

शिवाय कुरियरवाले आकारमानही मोजतात. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात, आणि हे वजन व प्रत्यक्ष वजन यातलं जे जास्त ते लावतात. २८ × २२ × ४ चं पाकीट ४९३ ग्रॅमचं ठरतं. नीट दाबलं नाही आणि जाडी एका सेंटिमीटरने वाढली की तेच ६१६ ग्रॅम होतं. म्हणजे घडी कशी घालायची हेसुद्धा भावाच्या चौकशीत येतं.

## पायरी २: मालाचं वर्णन एका कागदावर आणा

‘चांगल्या क्वालिटीचा’ हे वर्णन नव्हे. टॉवेलासाठी तयार माप, एका नगाचं वजन, शंभर टक्के कॉटन की मिश्रण, साधा रंग की पट्टे, काठ आणि शिलाई, एका गठ्ठ्यात किती रंग, एवढं तरी लिहा. साडी असेल तर कापड, लांबी, ब्लाउजपीस आहे का आणि कॅटलॉग पूर्ण घ्यावा लागतो का. भांड्यांना पत्र्याची जाडी आणि वजन.

वर्णनात जीएसटीचा एचएसएन क्रमांकही (वस्तूचा प्रकार सांगणारा, ज्यावरून कराचा दर ठरतो तो) घ्या. टॉवेल, बेडशीट ६३०२ खाली येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा तयार वस्तूंवर नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे. व्यापारी बिलावर वेगळाच क्रमांक आणि वेगळाच दर लावत असेल तर तिथेच विचारा.

आणखी एक: सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडचा माल घेऊन लिस्टिंगमध्ये ‘सोलापुरी’ लिहिणं गिऱ्हाइकाची फसवणूक तर आहेच, शिवाय कायद्याने अडचणीत आणणारं आहे. माल कुठे विणला गेला, हे व्यापाऱ्याला बिलाआधी विचारा.

## पायरी ३: भाव कुठे शोधायचा

आपल्याकडे जागा कमी नाहीत. मुंबईत कापडाला मंगलदास मार्केट आणि मूळजी जेठा मार्केट, स्टेशनरी आणि गिफ्टच्या वस्तूंना अब्दुल रहमान स्ट्रीट, इलेक्ट्रिकच्या सामानाला लोहार चाळ, इमिटेशन दागिन्यांना भुलेश्वर. जीन्स आणि तयार कपड्यांना उल्हासनगर. पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळी. नागपूरकरांना गांधीबाग आणि इतवारी. सुती कापडाला इचलकरंजी. टॉवेल-चादरींना सोलापूर, तिथली अक्कलकोट रोडची एमआयडीसी. राज्याबाहेर साड्यांना सुरत, होजिअरीला तिरुपूर, पडदे-ब्लँकेटांना पानिपत, पितळेला मुरादाबाद, बांगड्यांना फिरोजाबाद.

मूळ गावातच माल सगळ्यात स्वस्त, असं सगळे गृहीत धरतात. पाचशे-हजार नग घेणाऱ्यासाठी ते खरं आहे. पन्नास नगांसाठी सोलापूरचा कारखानदार तुमच्याशी गोड बोलेल, पण भाव त्याच्या पुण्यातल्या गिऱ्हाइकाचाच देणार नाही. तो पुण्याचा होलसेलवाला महिन्याला काही हजार नग उचलतो. तुम्ही त्याच्याकडून घेतलं तर त्याचा नफा जातो हे खरं, पण ट्रान्सपोर्ट, हमाली आणि खराब नग परत पाठवण्याची कटकट वाचते. माझं मत विचाराल तर पहिल्या दोन-तीन खरेद्या जवळच्या होलसेलरकडून कराव्यात, आणि त्याच काळात मूळ गावचे भाव गोळा करत राहावं. कुठल्या नगसंख्येपासून सोलापूर परवडायला लागतं, हे तुमच्याच हिशोबातून दिसेल.

इंडियामार्टसारख्या ठिकाणी पुरवठादारांची नावं भरपूर मिळतात. तिथे दिसणारा भाव मात्र ‘इथून पुढे’ असा वाचा. ‘टेरी टॉवेल ४५ रुपये’ लिहिलेलं असतं, फोन केल्यावर कळतं की तो नॅपकिनचा भाव आहे. एक चौकशी टाकली की ती अनेक पुरवठादारांकडे जाते आणि दिवसभर फोन वाजत राहतो. त्यासाठी वेगळं सिम ठेवा, घरचा नंबर देऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘रीसेलर ग्रुप’मध्ये येणारे भाव होलसेलचे नसतात. मूळ व्यापारी, त्याच्याकडून घेणारा, त्याचा ग्रुप चालवणारा, अशी तीन हातांची साखळी असते. गुंतवणूक न करता विकायला ते सोयीचं आहे, पण त्या भावावर स्वतःचं दुकान उभं राहत नाही. आणि ‘पाचशे होलसेलरांची यादी ९९ रुपयांत’ विकणाऱ्यांकडे वळूही नका. त्यातले निम्मे नंबर बंद असतात आणि उरलेले गूगलवर फुकट मिळतात.

## पायरी ४: भाव विचारायचा मेसेज

उत्तर किती नेमकं येईल हे प्रश्न किती नेमका आहे त्यावर ठरतं. सगळ्यांना शब्दशः एकच मेसेज पाठवा, म्हणजे उत्तरं शेजारी शेजारी मांडता येतील. असा काहीसा:

> नमस्कार. मी पुण्यातून टॉवेल ऑनलाइन विकतो. टेरी टॉवेल हवेत: शंभर टक्के कॉटन, तयार माप ३० × ६० इंच, नगाचं वजन ४६० ते ४७० ग्रॅम, चार साधे रंग मिसळून. ५०, २०० आणि ५०० नगांचे वेगवेगळे भाव कळवा. भाव जीएसटी धरून की सोडून? पुण्यापर्यंतचं भाडं कोणाकडे? खराब नग बदलून मिळतो का, किती दिवसांत? हा भाव किती दिवस कायम आहे? आधी दोन नमुने विकत घ्यायचे आहेत, पक्क्या बिलासह.

तीन नगसंख्यांचे भाव मागण्यामागे कारण आहे. पन्नासाला आणि पाचशेला एकच भाव सांगणारा बहुधा मधला दलाल असतो किंवा त्याने तुमचा मेसेज वाचलेलाच नसतो. ‘नमुने विकत’ हे शब्द मुद्दाम आहेत: फुकट नमुना मागणाऱ्याला व्यापारी गिऱ्हाईक धरत नाहीत.

मेसेज पाठवून तासाभराने फोन करा. सोलापुरात मराठी चालतंच. सुरतेच्या व्यापाऱ्याशी हिंदीत बोला, दोन शब्द गुजरातीचे आले तर बरंच. फोनवर ठरलेलं पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे २०० नगांना इतके रुपये, भाडं तुमच्याकडे, बरोबर ना?’ पुढे भांडण झालंच तर एवढी एक ओळ कामाला येते.

## पायरी ५: आकडे एका पातळीवर आणा

तुम्ही ४६५ ग्रॅम मागितलं तरी उत्तरं बहुधा दुकानातल्या चालू मालावर येतात. समजा, शंभर नगांसाठी तिघांचे भाव असे आले:

| | पहिला | दुसरा | तिसरा |
|---|---|---|---|
| सांगितलेला भाव | १२८ | १४१ | ११२ |
| जीएसटी | वेगळा | धरून | बिलच नाही |
| भाडं | तुमचं | घरपोच | तुमचं |
| खराब नग | परत नाही | बदलून | परत नाही |
| नमुन्याचं वजन | ५०५ ग्रॅम | ५०० ग्रॅम | ४३० ग्रॅम |
| नमुन्याचं माप | ३० × ६० | ३० × ६० | २८ × ५६ |

पहिल्याचा हिशोब: माल १२,८००, पॅकिंग-हमाली २००, ट्रान्सपोर्ट ६००, ट्रान्सपोर्टच्या गोदामातून घरापर्यंत टेम्पो २५०. एकूण १३,८५०. शंभरात चार नग शिलाई उसवलेले किंवा डाग पडलेले निघाले, ते परत जात नाहीत. म्हणून भागायचं ९६ ने: १४४ रुपये २७ पैसे. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर ६४० रुपयांचा करही अंगावर, म्हणजे नग १५१ च्या घरात.

दुसऱ्याचे १४१ म्हणजे १४१ च. नोंदणी असेल तर त्यातले ६ रुपये ७१ पैसे क्रेडिटमध्ये मिळतात आणि खरी किंमत १३४ रुपये २९ पैसे पडते. बोलण्यात तेरा रुपयांनी महाग असलेला माणूस वहीत दहा रुपयांनी स्वस्त निघाला.

तिसऱ्याकडे सगळ्यांचे डोळे जातात. ११,२०० अधिक भाडं-हमालीचे १,०५०, भागिले ९६, म्हणजे १२७ रुपये ६० पैसे. पण २८ × ५६ मध्ये कापड जवळजवळ १३ टक्के कमी आहे. किलोवर आणून बघा: पहिला किलोला २५३ रुपये सांगत होता, तिसरा २६० सांगतोय. स्वस्त टॉवेल नाही, छोटा टॉवेल आहे. तो ३० × ६० म्हणून विकलात तर रिटर्न वाढतील, आणि बिल नसल्यामुळे प्लॅटफॉर्मने कधी खरेदीचा पुरावा मागितला तर दाखवायला काही नाही. सगळाच आतबट्ट्याचा व्यवहार.

आता दुसऱ्याचाही भाव किलोवर आणा: १३४.२९ भागिले ०.५ म्हणजे किलोला २६८ ते २६९. याच हिशोबाने ४६५ ग्रॅमचा टॉवेल १२५ रुपयांना पडायला हवा. तुमची कमाल किंमत १३३. म्हणजे बोलायचं कोणाशी आणि काय, हे दोन्ही ठरलं. ज्या मालात धागा, धातू किंवा प्लॅस्टिक हाच मुख्य खर्च आहे, तिथे भाव किलोवर आणायची सवय लावून घ्या.

जीएसटी नोंदणीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. पण परराज्यात माल पाठवायचा असेल तर उलाढाल कितीही असो, ती घ्यावीच लागते. प्लॅटफॉर्मवर फक्त राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीऐवजी केवळ एनरोलमेंट नंबर घेऊन विकता येतं. त्यांना क्रेडिट मिळत नाही, म्हणून त्यांनी वरचा हिशोब कर धरून करायचा.

## पायरी ६: नमुना धुऊन बघा

नमुना आला की फोटो काढून ठेवून देऊ नका. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. मापाची पट्टी लावा. ग्रॅम भागिले १.१२५ केलं की ३० × ६० टॉवेलाचा जीएसएम निघतो. माप वेगळं असेल तर आधी क्षेत्रफळ काढा. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने काठ आणि गडद भाग घासा. फडक्याला रंग लागला तर तो माल कितीही स्वस्त असला तरी सोडा, कारण एका टॉवेलाने गिऱ्हाइकाचा बनियन रंगवला की एक तारा असलेला रिव्ह्यू ठरलेला.

दोनदा धुऊन पुन्हा मोजा आणि पुन्हा वजन करा. खळ आणि सुटे तंतू गेल्यावर वजन किती घटलं, कापड किती आटलं, हे लिहा. लिस्टिंगवर लिहायचं ते न धुतलेलं माप, पण मनात धरायचं ते धुतलेलं. एक नमुना न धुता, तारीख आणि व्यापाऱ्याची सही घेऊन पिशवीत बंद ठेवा. पुढच्या खेपेला माल पातळ आला तर हाच बाहेर काढायचा.

## पायरी ७: समोरचा खरा आहे का

व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाका. नोंदलेलं नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, रिटर्न भरले जातात का, हे सगळं तिथे फुकट दिसतं. क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: २७ महाराष्ट्र, ३० गोवा, २४ गुजरात, २९ कर्नाटक. ‘आमचा सुरतेत कारखाना’ म्हणणाऱ्याचा क्रमांक ०७ ने, म्हणजे दिल्लीने सुरू होत असेल तर विचारायला जागा आहे. तो रिटर्न वेळेवर भरत नसेल तर तुमचं क्रेडिट जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या क्रेडिटच्या पत्रकात, उमटणार नाही, आणि दुसऱ्या व्यापाऱ्याचा फायदा आपण ज्या ६ रुपये ७१ पैशांवर मोजला, तो हवेत जाईल.

पैसे फर्मच्या नावाच्या बँक खात्यातच पाठवा. यूपीआयवर फर्मऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं तर थांबा. व्हिडिओ कॉलवर गोदाम आणि तुमच्या मालाचा गठ्ठा दाखवायला सांगा. खरा व्यापारी कंटाळतो, पण दाखवतो. ‘आज रात्री बारापर्यंतच हा भाव, पूर्ण रक्कम आधी टाका’ असं कापडबाजारातला जुना माणूस कधी बोलत नाही.

## पायरी ८: घासाघीस भावाची कमी, बाकीची जास्त

आता दुसऱ्या व्यापाऱ्याला फोन करा. ‘कमी करा ना दादा’ म्हणण्यात वेळ घालवू नका. त्याला सांगा: ‘४६५ ग्रॅमचा करून द्या. तुमच्याच किलोच्या भावाने जीएसटी सोडून १२५ होतात. दर महिन्याला दोनशे घेतो.’ स्वतःच्याच हिशोबावर आलेला आकडा माणूस सहज नाकारत नाही. १२८ ला अडला तरी तुम्ही १३३ च्या आत आहात.

भाव अडला की दुसऱ्या गोष्टी मागा. एका रंगाचे कमीत कमी किती घ्यावे लागतील ते खाली आणा, नाहीतर न खपणारा मरून रंग वर्षभर कपाटात राहतो. टॅगवर उत्पादक किंवा पॅकरचं नाव-पत्ता, एमआरपी, नग, माप, महिना-वर्ष आणि तक्रारीचा संपर्क छापून मागा. पॅक केलेल्या मालावर हे कायद्याने लागतं, आणि घरी बसून लेबलं चिकटवण्यापेक्षा कारखान्यात छापून आलेलं स्वस्त पडतं. खराब नग बदलण्याची मुदत लिहून घ्या.

उधारीचाही भाव असतो. व्यापारी म्हणाला, ‘रोखीत १२५, महिन्याच्या उधारीवर १२८’, तर ते महिन्याला २.४ टक्के व्याज झालं. बँकेचं कर्ज याहून बरंच स्वस्त मिळतं. पण प्लॅटफॉर्मचे पैसे हातात यायला वेळ लागतो आणि सुरुवातीला खेळतं भांडवल नसतं, तेव्हा कधीकधी ते तीन रुपये देणंही शहाणपणाचं असतं.

## पायरी ९: भावाची वही

एका शीटमध्ये प्रत्येक चौकशी नोंदवा: तारीख, व्यापारी, नगसंख्या, सांगितलेला भाव, किलोचा भाव, घरात पडलेली किंमत, खराब निघालेले नग. शेवटचा रकाना लोक भरत नाहीत, आणि चार खेपांनंतर तोच सगळ्यात उपयोगी ठरतो.

सुताचा भाव हलला की टॉवेलाचा हलतो, त्यामुळे तीन महिन्यांपूर्वीच्या भावावर ऑर्डर देऊ नका. दर तिमाहीला तोच मेसेज पुन्हा पाच जणांना पाठवा, चालू व्यापाऱ्यावर तुम्ही खूश असलात तरी. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी मागणी वाढते, तेव्हा खरेदी महिना-दीड महिना आधी उरका. दुसऱ्या खेपेच्या गठ्ठ्यातून कुठलेही पाच टॉवेल काढून काट्यावर ठेवा. सरासरी ४५५ च्या खाली आली तर पैसे देण्याआधी बंद पिशवीतला नमुना घेऊन व्यापाऱ्याकडे जा.